वाचक विचारतात: आकाशगंगेतली धूळ आणि चुंबकाच्या रेघा

मागच्या अंकात आपण प्लांक उपग्रहाच्या मोजमापांवरून बनवलेला आकाशगंगेचा नकाशा छापला होता. मधोमध लालसर-पिवळा पट्टा, बाकी निळसर आकाश आणि सगळीकडे बारीक वळणदार रेघा, आणि खाली एवढंच लिहिलं होतं की ह्या रेघा चुंबकीय क्षेत्र दाखवतात. त्यावर इतके प्रश्न आलेत की ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतोय. ब्लॅक होलवाले वाचक, तुमचा नंबर पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न: त्या नकाशातल्या रेघा खरंच आकाशात आहेत का? माझा मुलगा म्हणतो कॉम्प्युटरने काढल्यात. (एक वाचक, सातारा)

मुलगा बरोबर बोलतोय, पण अर्धंच. रेघांचं ते टेक्श्चर कॉम्प्युटरनेच भरलंय, कुठल्याही दुर्बिणीला डोळा लावून तसं काही दिसणार नाही. पण रेघ कुठल्या ठिकाणी कुठल्या दिशेने वळते हे मात्र मोजलेलं आहे, मनाने काढलेलं नाही. झालं असं की 2009 साली सोडलेल्या ह्या उपग्रहाने सगळ्या आकाशातून येणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी टिपल्या, त्यातला 353 गिगाहर्ट्झचा चॅनल धुळीसाठी सगळ्यात कामाचा ठरला. ताऱ्यांच्या मधल्या जागेत जी धूळ आहे ती शून्याखाली साधारण 250 डिग्रीला असते, तरी तिच्यातून किंचित उष्णता बाहेर पडतेच, आणि ती उष्णता पोलराइज्ड असते म्हणजे तिच्यातली लहर एका ठराविक दिशेने जास्त डोलते. ती दिशा मोजली, मग ती काटकोनात फिरवली (का फिरवली ते पुढे येतंय) आणि त्या दिशांच्या धाग्याने चित्र भरलं. रंग म्हणजे त्या ठिकाणाहून येणारी धुळीची चमक किती आहे ते. त्यामुळे तो फोटो नाही, नकाशा आहे, आणि छापताना आम्ही खाली तसं लिहायला हवं होतं हे खरं.

प्रश्न: मी बीएस्सीला आहे. धुळीतून प्रकाश गेला तर तो अंधुक होईल हे कळतं, पोलराइज्ड कसा होईल? आणि धूळ तर वेड्यावाकड्या दिशांना पसरलेली असणार ना, मग सगळं कॅन्सल व्हायला पाहिजे. (एक वाचक, नागपूर)

दोन्ही शंका बरोबर आहेत, दुसरी तर फारच बरोबर आहे कारण ह्या विषयाची सगळी गंमत त्या दुसऱ्या शंकेतच आहे.

आधी पहिली. ताऱ्यातून निघालेला प्रकाश सगळ्या दिशांना सारखाच डोलत असतो. वाटेत एखादा लांबुळका कण आला तर कणाच्या लांबीच्या दिशेने डोलणारा प्रकाश तो जरा जास्त अडवतो आणि आखूड बाजूच्या दिशेने डोलणारा जरा कमी. एका कणाने काही फरक पडत नाही, पण शेकडो प्रकाशवर्षं असे कण आडवे येत राहिले तर शेवटी आपल्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशात एक दिशा किंचित जड होते. किंचित म्हणजे खरंच किंचित, बहुतेक ताऱ्यांना एक-दोन टक्के, फार झालं तर आठ-दहा. ठोकताळा असा आहे की धुळीने तारा एका प्रतीने (म्हणजे साधारण अडीच पट) अंधुक केला असेल तर पोलरायझेशन जास्तीत जास्त 3 टक्क्यांच्या आसपास मिळतं, त्यापेक्षा कमी मिळू शकतं पण जास्त सहसा नाही. आणि हे कण म्हणजे आपल्या रस्त्यावरची धूळ नव्हे, एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे, केसाच्या जाडीपेक्षा कित्येक शे पटींनी बारीक, वाळूच्या जातीचे सिलिकेट आणि कार्बनचे. ताऱ्यांच्या मधल्या मालात वजनाने बघितलं तर शंभराला एक भाग धूळ, बाकी सगळा गॅस.

आता दुसरी. कण वेडेवाकडे असते तर एकाने जड केलेली दिशा दुसऱ्याने हलकी केली असती आणि हिशोब शून्य झाला असता. पण तो शून्य येत नाही. म्हणजे शेकडो प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यात हे कण कोणीतरी एका शिस्तीत लावलेत. 1949 मध्ये हे पहिल्यांदा कळलं तेव्हा लोक चाट पडले, आणि मजा म्हणजे हे शोधायला कोणी निघालंच नव्हतं.

निघाले होते आपल्या चंद्रशेखरांचं एक भाकीत तपासायला. चंद्रशेखर तेव्हा अमेरिकेत यर्क्स वेधशाळेत होते, 1946 साली त्यांनी गणित मांडलं की अतितप्त ताऱ्यांच्या वातावरणात मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाश विखुरतात, त्यामुळे ताऱ्याच्या कडेचा प्रकाश 11.7 टक्क्यांपर्यंत पोलराइज्ड असायला हवा. अडचण अशी की तारा आपल्याला नुसता ठिपका दिसतो, सगळ्या बाजूंच्या कडा एकत्र मिसळतात आणि परत तेच, हिशोब शून्य. मग उपाय काय, तर एकमेकांना झाकणारे जोडतारे बघायचे. जोडीदाराने तारा बराचसा झाकला आणि नुसती कोर उरली की त्या वेळेपुरतं पोलरायझेशन दिसायला पाहिजे, ग्रहण सुटलं की गायब. टेक्सासच्या मॅकडोनाल्ड वेधशाळेत 82 इंची दुर्बीण होती, तिथे विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल ह्यांनी हे काम हातात घेतलं, आधी दोघांनी मिळून आणि नंतर वेगवेगळं.

पोलरायझेशन सापडलं, चांगलं घसघशीत सापडलं. पण ते ग्रहण असताना जेवढं तेवढंच ग्रहण नसताना! जोडीदार कुठेही असो, आकडा हलायला तयार नाही. मग त्याच भागातले दुसरे साधे एकटे तारे बघितले तर त्यांच्यातही पोलरायझेशन, आणि दिशाही जवळपास तीच. म्हणजे भानगड ताऱ्यात नाहीये, रस्त्यात आहे. फेब्रुवारी 1949 मध्ये सायन्स ह्या साप्ताहिकात दोघांचे छोटे छोटे लेख पाठोपाठच्या पानांवर आले, आणि साधारण त्याच सुमाराला सोव्हिएत रशियात डोम्ब्रोव्हस्कींना पण हेच स्वतंत्रपणे सापडलं. चंद्रशेखरांचं मूळ भाकीत खोटं ठरलं का? नाही, ते 1983 मध्ये ययाती तारकासमूहातल्या अल्गोलवर मोजलं गेलं आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल पण मिळालं, ते मात्र वेगळ्या कामासाठी.

प्रश्न: मी शाळेत विज्ञान शिकवते. लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की तो रेषांमध्ये लागतो, धूळ पण तशीच लागते असं मुलांना सांगितलं तर चालेल का? (एक शिक्षिका, सांगली)

मॅडम, नका सांगू. हे उदाहरण सगळीकडे वापरलं जातं, चांगल्या चांगल्या लेखांत पण सापडतं, आणि उत्तर नेमकं उलटं निघतं. लोखंडाचा कीस रेषेच्या दिशेने लांबट लागतो, अंतराळातल्या कणाची लांब बाजू मात्र चुंबकीय रेषेला आडवी असते, काटकोनात.

शिवाय ताकदीचा हिशोब बघा. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र 0.4 गॉसच्या घरात आहे (गॉस हे चुंबकीय ताकदीचं माप, मायक्रोगॉस त्याचा दहा लाखावा भाग). आकाशगंगेतलं भरतं काही मायक्रोगॉस, म्हणजे ढोबळमानाने एक लाखावा हिस्सा. एवढ्याशा ओढीने कण ओढून सरळ करायचा म्हटलं तर गॅसचे अणू त्याला येता-जाता धक्के मारतायत ते ती ओढ कधीच मोडून काढतील. त्यामुळे ओढून सरळ करणं हा प्रकारच नाही, हा सगळा मामला गरगर फिरण्याचा आहे.

होतं असं. धक्के खाऊन खाऊन कण फिरायला लागतो, सेकंदाला हजारो फेऱ्या आणि बऱ्याचदा त्याहून कितीतरी जास्त. फिरणारी ओबडधोबड वस्तू आतल्या आत थोडी ऊर्जा गमावत गेली की शेवटी आपल्या सगळ्यात आखूड अक्षाभोवती फिरायला लागते, तसा हा कण पण लांब बाजू पसरून आखूड अक्षावर फिरायला लागतो. आता दुसरी गोष्ट, फिरणाऱ्या पदार्थात फिरण्यामुळेच थोडं चुंबकत्व येतं, हे बार्नेटने 1915 मध्येच दाखवलेलं आहे. तर ह्या इवल्याशा चुंबकत्वामुळे फिरणाऱ्या कणाचा अक्ष बाहेरच्या चुंबकीय रेषेभोवती हळूहळू घिरट्या घालतो, भोवरा मंदावला की त्याची आर जशी जमिनीवर टेकलेली राहते आणि डोकं गोल गोल झुलतं ना, अगदी तसं. ही घिरटी गॅसच्या धक्क्यांच्या मानाने फार पटकन पूर्ण होते, त्यामुळे कणाला आकाशात कुठली एक खूणदिशा उरली असेल तर ती चुंबकीय रेषा. ह्यापुढे फक्त एवढंच राहतं की झुलण्याचा कोन कमी कमी होत अक्ष रेषेवर येऊन बसायला पाहिजे.

तो कसा बसतो ह्यावर मात्र खूप वर्षं वाद चालला. 1951 मध्ये डेव्हिस आणि ग्रीनस्टाइन ह्यांनी सांगितलं की कणाच्या आतलं चुंबकत्व फिरताना सतत उलटसुलट होतं, त्यात ऊर्जा जाते आणि कण हळूहळू रेषेवर येतो. कल्पना सुंदर होती आणि पाठ्यपुस्तकात तीच राहिली, पण आकडे मांडले की साध्या कणांसाठी हे फार सावकाश होतं, तोपर्यंत धक्के सगळं विस्कटून टाकतात. मग 1976 मध्ये डोल्गिनोव्ह आणि मित्रोफानोव्ह ह्या रशियन जोडीने वेगळंच काढलं, की वेड्यावाकड्या कणावर ताऱ्यांचा उजेड पडला की डाव्या-उजव्या बाजूला तो सारखा आपटत नाही, त्यामुळे कणाला पीळ बसतो. वीसेक वर्षं त्याकडे कोणी फारसं ढुंकून बघितलं नाही, 1996 नंतर ड्रेन आणि वाइनगार्टनर ह्यांनी कॉम्प्युटरवर वाकड्या कणाचा खरोखरचा हिशोब केला तेव्हा कळलं की हा पीळ कणाला वेगात फिरवतो पण आणि रेषेवर आणून बसवतो पण. आज बहुतेक लोक ह्याच बाजूचे आहेत, मी पण, आणि त्याचं मला पटलेलं कारण असं की दाट काळ्या ढगांच्या पोटात जिथे ताऱ्यांचा उजेड शिरतच नाही तिथे पोलरायझेशन खरंच घसरतं. चुंबकीय रेषा तिथेही असणारच, पण कणांना पीळ द्यायला उजेड नाही.

तर मुलांना असं सांगा: कण फिरतो, फिरताना लांब बाजू रेषेला आडवी ठेवतो. ताऱ्याच्या प्रकाशातली आडवी डोलणारी लहर तो खातो आणि रेषेच्या दिशेने डोलणारी जाऊ देतो, म्हणून आपल्यापर्यंत आलेल्या प्रकाशाची दिशा आणि चुंबकीय रेषेची दिशा एकच. आणि तोच कण जेव्हा स्वतः उष्णता सोडतो तेव्हा ती आपल्या लांब बाजूच्या दिशेने जास्त सोडतो, म्हणजे रेषेला काटकोनात. साताऱ्याच्या वाचकांना वर काटकोनाचं उत्तर देणं बाकी होतं ते हेच.

प्रश्न: रेघांना बाणाची टोकं का नाहीत? उत्तर ध्रुव कुठे, दक्षिण कुठे? (एक वाचक, ठाणे)

कळत नाही. कण 180 अंशांत उलटा केला तरी प्रकाशाला तो तसाच दिसतो, त्यामुळे रेष पूर्व-पश्चिम आहे एवढं समजतं, पूर्वेकडे जाते की पश्चिमेकडे हे नाही. शिवाय आपल्याला फक्त आकाशाच्या पडद्यावर पडलेली तिची सावली दिसते, आपल्या अंगावर सरळ येणारी किंवा लांब जाणारी रेष असेल तर फिरणारा कण त्याच्या अक्षाच्या टोकावरून बघितल्यासारखा गोल दिसतो आणि पोलरायझेशन नाहीसं होतं. आकाशात हे खरंच दिसतं बरं का, ययातीच्या बाजूला ताऱ्यांच्या दिशा आकाशगंगेच्या पट्ट्याला समांतर शिस्तीत लागलेल्या आहेत कारण तिथे आपण रेषांकडे आडवे बघतो, आणि हंसाच्या बाजूला सगळा गोंधळ, कारण तिथे रेषेच्या दिशेनेच बघतोय. अंगावर येणारा भाग आणि त्याचं तोंड कुठे आहे हे हवं असेल तर रेडिओ दुर्बिणी लागतात, तो वेगळा विषय.

प्रश्न: 2014 मध्ये इथे न्यूज होती की बिग बँगच्या वेळच्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा मिळाला, नंतर म्हणे ती धूळच निघाली. ही तीच धूळ का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

हो, हीच. बायसेप-2 नावाची दुर्बीण दक्षिण ध्रुवावर होती, तिने विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोवेव्ह प्रकाशातलं पोलरायझेशन मोजलं आणि 17 मार्च 2014 ला पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं की त्यात एक विशिष्ट पिळदार नक्षी सापडलीय, जी विश्वाच्या पहिल्या क्षणातल्या गुरुत्वीय लहरींनी उमटायला पाहिजे. जगभर पेढे वाटल्यासारखं वातावरण. फक्त बायसेप-2 एकाच फ्रिक्वेन्सीला बघत होती, 150 गिगाहर्ट्झ, आणि एका फ्रिक्वेन्सीवरून ही नक्षी मुळची आहे का वाटेतल्या धुळीची हे सांगता येत नाही, कारण चुंबकीय रेषा वळतात तिथे धूळ पण अशी पिळदार नक्षी काढते. त्यांनी आकाशाचा स्वच्छ तुकडा निवडला होता हे खरं, पण स्वच्छ म्हणजे रिकामा नव्हे. प्लांकचा 353 वाला धुळीचा चॅनल आला आणि त्याच तुकड्यात धुळीचा हिस्सा किती आहे ते दिसलं. मग दोन्ही टीम एकत्र बसल्या, 2015 च्या सुरुवातीला मिळून हिशोब केला आणि नक्षीतला मोठा भाग धुळीचा निघाला, उरलेल्यात गुरुत्वीय लहरींचा दावा करता येईल एवढं काही नव्हतं.

माझं मत विचाराल तर मोजमापात काही खोट नव्हती, आकडे आजही बरोबर आहेत, घाई झाली ती पत्रकार परिषदेची. आणि त्यानंतर एक चांगलं झालं, जे विश्वशास्त्रवाले धुळीला नुसता कचरा समजून बाजूला सारायचे ते आता तिचे नकाशे मागायला येतात. त्याच दुर्बिणींच्या पुढच्या पिढीने 2021 मध्ये धूळ नीट वजा करून ह्या लहरींवरची मर्यादा बरीच खाली आणली. लहरी अजून सापडलेल्या नाहीत.

प्रश्न: पृथ्वीच्या लाखाव्या भागाएवढं क्षेत्र म्हणजे दर्यात खसखस. त्याने आकाशगंगेत काय फरक पडतो? (एक वाचक, नाशिक)

खसखस खरी, पण दर्या पण तसाच विरळ आहे हो. ताऱ्यांच्या मधल्या जागेत सरासरी घन सेंटीमीटरला एखादा अणू, इतका विरळ गॅस ढकलायला मायक्रोगॉस पुरतं. तिथे चुंबकीय क्षेत्राचा दाब आणि गॅसच्या खळबळीचा दाब साधारण तोडीस तोड असतो, त्यामुळे गॅसला रेषेच्या बाजूने घसरत जाणं सोपं आणि रेषा ओलांडून जाणं कठीण.

हे दिसतं कसं तर ताऱ्यांच्या जन्मस्थानात. कृत्तिका आणि रोहिणीच्या आसपास, वृषभ राशीत, साधारण साडेचारशे प्रकाशवर्षांवर एक काळा धुळीचा ढग आहे, तिथे नवे तारे बनतायत. त्याच्या कडांना अगदी विरळ तंतू आहेत ते चुंबकीय रेषांना समांतर आहेत आणि ढगाचा जो दाट, लांबलचक मुख्य तंतू आहे तो मात्र रेषांना जवळपास आडवा. म्हणजे गॅस रेषांवरून घसरत येऊन मधे साठतोय असं चित्र निघतं. आणखी जवळ जाऊन बघायचं तर ययातीमधल्या एका बालताऱ्याभोवती 2006 मध्ये सबमिलिमीटर दुर्बिणींनी रेषा मोजल्या, तर त्या मधे चिमटलेल्या आणि वर-खाली फाकलेल्या निघाल्या, कारण गुरुत्वाकर्षण गॅसला आत ओढताना रेषांनाही सोबत आत ओढतंय आणि त्या ताणल्या गेल्यात. तारा बनायला लागणारा वेळ ह्या ताणामुळे वाढतो. किती वाढतो ह्यावर मात्र अजून हमरीतुमरी चालू असते, एक गट म्हणतो चुंबकीय क्षेत्र बॉस आहे, दुसरा म्हणतो खळबळ बॉस आहे, आणि मला वाटतं ढगागणिक उत्तर बदलतं.

ताकद मोजायची पद्धत पण चंद्रशेखरांचीच, एन्रिको फर्मींबरोबर 1953 मध्ये काढलेली. विचार साधा आहे. गॅस खळबळतोय, तो रेषांना हलवतो. रेषा ताठ असतील तर फारशा वाकणार नाहीत, ढिल्या असतील तर वेड्यावाकड्या होतील. मग पोलरायझेशनच्या दिशा किती विस्कटल्यात ते बघा, गॅसचा वेग आणि घनता घाला आणि ताकद काढा. त्यांना आपल्या सर्पिल बाहूसाठी साधारण 7 मायक्रोगॉस मिळालं. ह्या पद्धतीत नंतर बऱ्याच दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, आकडा सहसा जास्त येतो म्हणून अर्धा करायची रीत पण आहे, तरी कागद-पेन्सिलवर काढलेलं उत्तर आजच्या आकड्यांच्या इतकं जवळ निघावं ह्याचं मला अजून कौतुक वाटतं.

प्रश्न: आपल्या महाराष्ट्रात ह्यावर काही काम होतं का? (एक विद्यार्थिनी, जुन्नर)

होतं, आणि तुमच्या घरापासून फार लांब नाही. पुण्याच्या आयुका ह्या खगोलशास्त्र संस्थेची 2 मीटरची दुर्बीण गिरवलीला आहे, तिच्यावरच्या उपकरणात पोलरायझेशन मोजायची सोय आहे. उपकरणात एक अर्धतरंग पट्टी असते, म्हणजे प्रकाशाच्या डोलण्याची दिशा फिरवणारी चकती, ती 0, 22.5, 45 आणि 67.5 अंशांवर फिरवत फोटो घेतात, आणि पुढे एक खास प्रिझम प्रत्येक ताऱ्याच्या प्रकाशाचे दोन तुकडे करतो, एका डोलण्याचा एक आणि त्याला काटकोनातल्याचा दुसरा. त्यामुळे फोटोत प्रत्येक तारा जोडीने येतो, दोघांच्या उजेडातला फरक म्हणजे तुमचं उत्तर. चांदणी रात्र मात्र ह्या कामाला नकोशी, कारण चंद्राचा प्रकाश आपल्या हवेत विखुरला की आकाशच पोलराइज्ड होतं.

ह्याहून मोठं काम म्हणजे वॉलॉप. हे उपकरण आयुकात विकसित केलेलं, एक क्रीटमधल्या स्किनाकासच्या 1.3 मीटर दुर्बिणीसाठी आणि एक दक्षिण आफ्रिकेत सदरलँडच्या 1 मीटर दुर्बिणीसाठी, आणि उद्देश पासिफाय नावाच्या सर्वेक्षणात लाखो ताऱ्यांचं पोलरायझेशन मोजायचा. एका वेळी पूर्ण चंद्राहून थोडा मोठा आकाशाचा तुकडा, अचूकता 0.1 टक्का, आणि चारही मोजमापं एकाच एक्स्पोजरमध्ये, पट्टी फिरवत बसायला नको. गैया उपग्रहाने ताऱ्यांची अंतरं दिलेलीच आहेत, त्यामुळे दोनशे प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यात पोलरायझेशन नाही पण हजारावरच्यात आहे म्हणजे मधे कुठेतरी ढग आहे, असं करत करत धुळीचा आणि चुंबकीय रेषांचा थ्रीडी नकाशा बनवता येतो. प्लांकचा नकाशा सपाट आहे, आपल्यापासून टोकापर्यंतचं सगळं एकावर एक चढलेलं, म्हणून मला तरी हे काम त्याच्यापेक्षा जास्त भारी वाटतं. तुम्ही फिजिक्स घेणार असाल तर ह्या बाजूला मुलं कमी आणि डेटा जास्त आहे.

प्रश्न: माझ्याकडे डीएसएलआर, 50 आणि 85 एमएम लेन्स आणि ट्रॅकर आहे. पोलरायझिंग फिल्टर लावून हे घरून दिसेल का? (एक हौशी, कोल्हापूर)

डोळ्यांनी नाही, कॅमेऱ्याने दिसू शकेल, संयम असेल तर. शर्मिष्ठेतला फाय हा पाचव्या प्रतीचा तारा घ्या, फार लांबचा आहे आणि त्याचं पोलरायझेशन 3 टक्क्यांच्या थोडं वर आहे, व्यावसायिक लोक पण तो तुलनेसाठी वापरतात. फिल्टर फिरवल्यावर त्याच्या उजेडात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी ह्यात साधारण 0.07 प्रतीचा फरक पडेल. डोळ्याला तो कळत नाही, पण रॉ फोटोंतून ताऱ्यांचा उजेड 0.01 प्रतीपर्यंत मोजणारे हौशी लोक आपल्याकडे आहेत.

तुलनेला जवळचे तारे लागतील, ज्यांच्या वाटेत धूळ नाही. शर्मिष्ठेतच बीटा आहे 54 प्रकाशवर्षांवर आणि ईटा फक्त 19 वर, तिन्ही 85 एमएमच्या एका फ्रेममध्ये बसतात. बीटा बराच तेजस्वी आहे, तो बर्न होणार नाही एवढंच एक्स्पोजर ठेवा आणि फोकस जरासा बिघडवा म्हणजे उजेड जास्त पिक्सेलवर पसरेल. बाजारात मिळणारा सर्क्युलर पोलरायझर चालेल, उलटा लावू नका. अमावास्येच्या आसपासची, नोव्हेंबर-डिसेंबरची रात्र, शर्मिष्ठा उत्तरेला वर आली की दर 45 अंशांना फिल्टर थांबवून वीस-तीस फोटो, आणि पूर्ण 360 अंश फिरवा, कारण खरं पोलरायझेशन असेल तर चढउतार एका फेरीत दोनदा यायला पाहिजे. एकदाच आला तर तो फिल्टरवरच्या डागाचा किंवा काचेच्या तिरकेपणाचा आहे.

ग्रीन चॅनल वेगळा काढून फायचा उजेड भागिले ईटाचा उजेड असा ग्राफ काढा. फिल्टरच्या रिंगवर त्याचा अक्ष कुठे आहे त्याची खूण आधी करून ठेवा, घरातल्या एलसीडी स्क्रीनसमोर फिरवून ती सापडते. फायच्या प्रकाशाची दिशा जवळपास पूर्व-पश्चिम आहे आणि तिथे आकाशगंगेचा पट्टाही तसाच जातो, त्यामुळे तुमच्या खुणेचा अक्ष पट्ट्याला समांतर असताना फाय सगळ्यात तेजस्वी यायला हवा. तसा आला तर ग्राफ आमच्याकडे पाठवा, छापू, आणि नाही आला तर रॉ फाइल्स पाठवा, बघू कुठे अडलंय ते.